राष्ट्रीय उद्यानात फोटो काढताना: शेजारच्या कॅमेऱ्याशी आणि समोरच्या प्राण्याशी कसं वागावं

राष्ट्रीय उद्यानात प्राण्याला होणारा त्रास क्वचितच कोणाच्या दुष्टपणातून होतो. बहुतेक वेळा तो माणसांच्या आपसातल्या चढाओढीतून होतो. पुढची गाडी चांगला कोन मिळावा म्हणून दोन मीटर सरकते. मागच्या गाडीतल्यांना दिसेनासं होतं, मग ती तीन मीटर पुढे येते. तिसरी गाडी या दोघींना वळसा घालून थेट समोर उभी राहते. यातल्या कोणीच सिंहिणीला घेरायचं असं ठरवलेलं नसतं. तरी थोड्याच वेळात ती गाड्यांच्या कड्यात अडकते आणि जिच्यावर ती दबा धरून बसली होती ती शिकार केव्हाच निघून गेलेली असते.

या चढाओढीची किंमत मोजली गेली आहे. केनियातल्या मसाई मारा परिसरातल्या चित्त्यांच्या माद्यांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागात एका विणीतली सरासरी २.३ पिल्लं स्वतंत्र होण्याच्या वयापर्यंत पोहोचली, तर वर्दळ जास्त असलेल्या भागात ०.२. गाड्यांमुळे थेट पिल्लं मेल्याचा पुरावा अभ्यासात नव्हता. परिणाम अप्रत्यक्ष असावा, असा निष्कर्ष होता. चित्ता दिवसा शिकार करतो, सिंह आणि तरस त्याच्या तोंडचा घास पळवतात, आणि गाड्यांच्या गर्दीमुळे त्याची जागा सगळ्या माळरानाला कळते. शिकार चुकत गेली की पिल्लं उपाशी राहतात.

म्हणून सोबतच्या फोटोग्राफरशी सौजन्य आणि प्राण्याविषयीची काळजी हे मला दोन वेगळे विषय वाटत नाहीत. आपल्यालाही फोटो मिळणार आहे, अशी खात्री शेजारच्या माणसाला असली की तो पुढे घुसत नाही. तो घुसला नाही की प्राणी जागेवर राहतो. आणि प्राणी जागेवर राहिला की सगळ्यांना फोटो मिळतो. ही साखळी कुठे जोडायची आणि कुठे तुटते, ते आता क्रमाने पाहू.

निघण्याआधी: नियम वाचा, कॅमेरा गप्प करा

प्रत्येक उद्यानाचं अंतराचं गणित वेगळं असतं आणि ते आदल्या दिवशी वाचून ठेवायचं असतं. अमेरिकेच्या यलोस्टोनमध्ये अस्वल, लांडगा आणि कूगर (अमेरिकेतलं मोठं रानमांजर) यांच्यापासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, तर बाकीच्या प्राण्यांपासून २५ यार्ड, म्हणजे सुमारे २३ मीटर दूर राहावं लागतं. भारतातल्या व्याघ्र प्रकल्पांसाठी २०१२ मध्ये आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत प्राण्यापासून किमान २० मीटर आणि एकाच रस्त्यावरच्या दोन गाड्यांत ५० मीटर अंतर सांगितलं आहे. गालापागोस बेटांवर प्राणी माणसाला बुजत नाहीत, तरी तिथे २ मीटरचा नियम आहे आणि फ्लॅशला पूर्ण मनाई आहे. पर्वतीय गोरिलांच्या बाबतीत अंतराचं कारणच निराळं आहे: माणसाचा सर्दी-खोकला त्यांना जीवघेणा ठरू शकतो. म्हणून एका कळपाकडे एका वेळी ८ पर्यटक आणि तासाभराची भेट, एवढीच परवानगी असते, आणि अंगात कणकण असेल तर जाऊ नये.

हे आकडे म्हणजे कमीत कमी अंतर आहे. तिथपर्यंत जायचा हक्क मिळाला, असा त्यांचा अर्थ लावू नका. पिल्लं सोबत असतील किंवा प्राणी खात असेल, तर नियमाच्या दुप्पट अंतरावर थांबलं तरी चालतं. लेन्स लहान असेल तर फ्रेममध्ये प्राणी लहान आणि भोवतालचा प्रदेश मोठा येऊ द्या. प्राणी कुठे राहतो हे सांगणारा फोटो नुसत्या चेहऱ्याच्या फोटोपेक्षा पुष्कळदा जास्त काळ लक्षात राहतो, असं माझं मत आहे.

मग कॅमेऱ्याकडे वळा. फोकस पकडला की वाजणारी टिकटिक बंद करा. अंधुक उजेडात फोकससाठी पेटणारा लाल किंवा नारिंगी दिवा बंद करा. तो प्राण्याच्या डोळ्यांवर पडतोच, शिवाय दुसऱ्याच्या फोटोतही उतरतो. फ्लॅश आपोआप उघडत असेल तर ती सोय बंद करा, आणि मोबाइलचा फ्लॅशही आठवणीने तपासा. हा मोबाइलचाच फ्लॅश सर्वांत जास्त वेळा चुकून उडतो. मागच्या पडद्याचा उजेड पहाटे आणि संध्याकाळी कमी ठेवा. मिररलेस कॅमेऱ्यात आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असतं. स्वस्त सेन्सरवर उडणाऱ्या पक्ष्याचे पंख त्यात वाकडे येऊ शकतात, पण बसलेल्या किंवा चालणाऱ्या प्राण्यासाठी ते उत्तम. आवाज करणाराच कॅमेरा असेल, तर शटर दाबून धरण्याऐवजी दोन-तीन फोटोंचे छोटे झोत घ्या.

ड्रोन घरी ठेवा. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून त्यांवर बंदी आहे आणि जगातल्या इतर अनेक उद्यानांतही आहे. ड्रोनचा आवाज अख्ख्या दरीला ऐकू जातो. एकाच्या चित्रीकरणासाठी बाकी सगळ्यांची सकाळ आणि पक्ष्यांची घरटी वेठीला धरली जातात. भडक रंगाचे आणि सळसळणारे कपडे, उग्र अत्तर, गळ्यातल्या पट्ट्याला लावलेल्या खुळखुळणाऱ्या वस्तू यांचंही तेच.

एकाच गाडीत अनोळखी माणसं

सामायिक गाडीत पहिली पाच मिनिटं बोलण्यात घालवा, त्याने पुढचे चार तास सुखाचे जातात. कोणाला काय पाहायचंय ते विचारा. कोणाकडे मोठी लेन्स असेल, कोणाकडे मोबाइल, कोणाकडे फक्त दुर्बीण, आणि कोणी डोळ्यांनीच पाहायला आलेलं असेल. या चौघांचा हक्क सारखा आहे. मोठी लेन्स आणणाऱ्याने खर्च जास्त केलेला असतो आणि तयारी जास्त केलेली असते, पण त्याने तिकीट एकाच जागेचं काढलेलं असतं. हे त्यानेच सर्वांत आधी मान्य केलं तर गाडीतलं वातावरण लगेच सैल होतं.

कडेच्या जागांची अदलाबदल सुरुवातीलाच ठरवून टाका: अर्ध्या वेळाने बाजू बदलायची, किंवा सकाळी पुढे बसलेला संध्याकाळी मागे. प्राणी दिसल्यावर हे ठरवायला गेलात तर भांडण ठरलेलं. उघड्या छताच्या गाडीत उभं राहायची परवानगी असेल तर उंच माणसाने मागे उभं राहावं. बॅग मांडीवर किंवा पायांशी घ्या, बाकावर नको. लेन्स बाहेर काढताना तिचं टोक शेजाऱ्याच्या नाकासमोरून जातं, याचं भान ठेवा.

सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट म्हणजे गाडीचं हलणं. ६०० मिलिमीटरच्या लेन्सवर बारीकसा हेलकावाही फोटो धूसर करतो. तुम्ही वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकलंत की पुढच्या बाकावरच्या माणसाचा फोटो जातो. यावर साधा रिवाज पाळा. प्राणी स्थिर असताना कोणाला जागा बदलायची असेल तर आधी हळू आवाजात ‘मी हलतोय’ म्हणा, क्षणभर थांबा आणि मग हला. प्राणी उठला, वळला किंवा शिकारीच्या बेतात असला की कोणीच हलायचं नाही. ज्याला जिथून दिसेल तिथूनच काढायचं. बीनबॅग, म्हणजे धान्य किंवा मणी भरलेली पिशवी, गाडीच्या कडेवर ठेवून त्यावर लेन्स टेकवली तर हा त्रास बराच कमी होतो. गाडीत ट्रायपॉड मात्र आणू नये. त्याचे पाय तीन माणसांची जागा खातात आणि गाडीची थरथर थेट कॅमेऱ्यात पोहोचवतात.

फोटो काढणं ऐन रंगात आलेलं असताना शेजाऱ्याला शटरचा वेग काय ठेवलास, आयएसओ किती, हे विचारू नका. नंतर विचारा. बहुतेक फोटोग्राफर आनंदाने आणि गरजेपेक्षा जास्तच सांगतात. नवख्याला फोकस जमत नसेल तर अनुभवी माणसाने आपण होऊन एक मिनिट द्यावं. ज्याचा पहिला फोटो जमला तो माणूस दिवसभर शांत बसतो.

आणि चालकाला घाई करू नका. जवळ घ्या, आडरानात उतरवा, त्या गाडीच्या पुढे काढा, वर बक्षीस देतो, हे सगळं त्याच्या परवान्यावर बेततं. नियम तुम्ही मोडायला लावता आणि दंड त्याला होतो. त्याउलट, दूर राहिलात तरी चालेल, आम्हाला घाई नाही, एवढं आधीच सांगितलंत तर त्याच्या मनावरचं दडपण जातं. पर्यटक नाराज होतील या भीतीनेच अनेक चालक पुढे घुसतात.

वाटेवर

वेग कमी ठेवा. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर उद्यानात डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि मातीच्या रस्त्यावर ४० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि त्याहूनही हळू गेलात तरच काही दिसतं. कोणी रस्त्यात थांबलेलं दिसलं की मागे थांबा. ती माणसं काय बघताहेत ते आधी समजून घ्या आणि मगच, तेही हळू, पुढे जा. भरधाव ओलांडून गेलात तर धूळ त्यांच्या लेन्सवर बसते आणि झुडपातला प्राणी आत जातो.

समोरून येणाऱ्या गाडीने काही पाहिलं का, हे विचारायला हरकत नाही, सांगायलाही नाही. मात्र सांगताना सोबत प्राण्याची अवस्थाही सांगा: बिबट्या झाडावर निवांत आहे, दोन गाड्या आहेत, किंवा मादीसोबत लहान पिल्लं आहेत, तिला एकटं राहू द्या. खबर देण्याची पद्धत बदलली की पोहोचणाऱ्या माणसाची वागणूकही बदलते. आधीच पाच-सहा गाड्या जमल्या असतील, तर सहावी-सातवी होण्यापेक्षा दुसऱ्या वाटेला जाणं बहुधा जास्त फलदायी ठरतं.

स्वतःची गाडी चालवत असाल तर रस्त्याच्या मधोमध थांबू नका. थांबण्यासाठी केलेल्या जागेत चारही चाकं रस्त्याबाहेर येतील अशी गाडी लावा. यलोस्टोनमध्ये रस्त्यालगत अस्वल दिसलं की मैलभर गाड्या खोळंबतात, आणि त्या रांगेत कधी रुग्णवाहिकाही असू शकते.

प्राणी दिसला: पहिली दोन मिनिटं

इथेच सगळं ठरतं. हर्ष अनावर होतो, हात आपोआप वर जातो आणि तोंडातून किंकाळी निघते. त्याऐवजी शेजाऱ्याच्या दंडाला हलकेच स्पर्श करा आणि घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिशा सांगा: गाडीचं नाक म्हणजे १२, उजवीकडे ३, डावीकडे ९. ‘दोन वाजता, सुकलेल्या झाडाच्या बुंध्याशी’, एवढं पुरतं. हात बाहेर काढून बोट दाखवण्यापेक्षा हे जलदही आहे, आणि बाहेर आलेला हात प्राण्याच्या नजरेत लगेच भरतो.

गाडी अंतर राखूनच थांबवा आणि इंजिन बंद करा. इंजिनची थरथर फोटो बिघडवते आणि तापलेल्या बॉनेटवरून उठणारी गरम हवा दूरचा प्राणी पाण्यातून पाहिल्यासारखा लवलवता दाखवते. आवाजाचं कारण तर आहेच. गाडी थांबली की लगेच पुढे सरकायचं नाही. पहिलं मिनिट फक्त पाहा. प्राणी मान वर करून तुमच्याकडे बघेल. पुन्हा चरायला, चाटायला किंवा झोपायला लागला, की त्याने तुम्हाला मान्य केलं असं समजा.

तुम्ही नंतर पोहोचला असाल तर नियम सोपा आहे: आधी आलेल्याच्या लेन्सपासून प्राण्यापर्यंत मनात एक सरळ रेषा ओढा आणि ती कधीही ओलांडू नका. त्याच्या बाजूला किंवा मागे उभे राहा. समोर जागा मोकळी दिसते, कारण ती कोणीतरी मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. तुमच्या गाडीमुळे मागच्यांचं दिसणं बंद होतंय का, हे चालकाला मागे वळून बघायला सांगा. थोडं मागेपुढे केल्याने दोघांचंही जमत असेल तर खुणेने विचारा. हात हलवून संमती मागितली की नाही म्हणणारा माणूस विरळा.

त्याहून महत्त्वाची रेषा प्राण्याची. तो कुठून आला, कुठे निघालाय आणि त्याला आडोसा कुठे आहे, हे बघा. पाण्याकडे जाणारी वाट, पिल्लांकडे जाणारी वाट, दाट झाडीकडे जाणारी वाट या तिन्ही मोकळ्या राहिल्या पाहिजेत. सगळ्या गाड्या एकाच बाजूला राहिल्या तर हे आपोआप साधतं, शिवाय कोणाच्या फोटोच्या पार्श्वभूमीवर समोरची गाडी येत नाही. दोन्ही बाजूंनी गाड्या लावणं सर्वांत वाईट: फोटो सगळ्यांचेच बिघडतात आणि प्राण्याला निघायला फट उरत नाही. रस्ता ओलांडायच्या बेतात असलेल्या प्राण्यासमोर गाडी पुढे नेऊन ‘समोरून येतानाचा फोटो’ मिळवणं हे त्याची वाट अडवणंच आहे, मग तो फोटो कितीही सुंदर येवो.

मसाई मारातली मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे, म्हणजे काळविटाच्या कुळातल्या मोठ्या आफ्रिकी प्राण्यांचे, कळप बघायला जाणाऱ्यांनी तर हे कोरून ठेवावं. कळप काठाशी तासन् तास घुटमळतो. पहिल्या काही प्राण्यांनी उडी घेईपर्यंत गाड्यांनी काठापासून लांब थांबायचं असतं. एक गाडी आधी पुढे धावली की कळप मागे फिरतो, नाहीतर बाहेर पडायची सोपी चढण गाड्यांनी अडल्यामुळे उभ्या कड्यावर धडका मारत राहतो. एका उतावळ्या चालकामुळे पन्नास माणसांची वाट बघणं वाया जातं, आणि नदीत जे होतं त्याची तर भरपाईच नाही.

पायी असताना

पायवाटेवर, चौथऱ्यावर किंवा रस्त्याकडेला रांगेत उभं राहून फोटो काढताना उंचीचा प्रश्न येतो. जमिनीलगत पालथं पडणारा पुढे, गुडघ्यावर बसणारा त्याच्या मागे, उभा राहणारा सगळ्यांत मागे: या क्रमाने तिन्ही रांगांना दिसतं. पण आधी उभ्या असलेल्या माणसांच्या पुढ्यात जाऊन पालथं पडायचं तर आधी विचारायला हवं. बसलेला माणूस उठताना सगळ्यांच्या फ्रेममध्ये येतो, म्हणून उठायच्या आधीही सांगावं.

ट्रायपॉडचे पाय जितके फाकतील तितकी जागा तुमची, असा समज करून घेऊ नका. गर्दीत एकपायी आधार, म्हणजे मोनोपॉड, जास्त शहाणपणाचा. ट्रायपॉड लावून जागा धरायची आणि स्वतः गाडीत जाऊन बसायचं, हे तर मुळीच करू नये. अलास्कातल्या काटमाई उद्यानात ब्रुक्स धबधब्यावर सामन मासे पकडणारी अस्वलं बघायला लाकडी चौथरा आहे. तिथे एका वेळी ४० माणसांनाच प्रवेश असतो आणि गर्दीच्या दिवसांत प्रत्येकाला ३० मिनिटं मिळतात. ही पद्धत मला फार आवडते, कारण मागे थांबलेल्याला आपली पाळी येणार हे ठाऊक असतं आणि ढकलाढकली संपते. जिथे असा नियम नाही, तिथे पहिल्या रांगेतल्यांनी तो आपसात करून घ्यावा: चांगले फोटो मिळाले की मागे वळून, ‘या, इथे उभे राहा’ म्हणावं. लहान मुलं आणि चाकाच्या खुर्चीवरची माणसं यांना तर आधी पुढे घ्यावं, कारण त्यांना कोणाच्या डोक्यावरून बघता येत नाही.

पाणवठ्याजवळ फोटोसाठी बांधलेल्या हाइडमध्ये, म्हणजे आडोशाच्या खोलीत, शिस्त आणखी कडक लागते. वेळेआधी आत जा आणि प्राणी निघून गेल्याशिवाय बाहेर पडू नका. झरोक्यातून बाहेर आलेली लेन्स झपकन फिरवू नका. प्राण्याला माणूस दिसत नाही, पण हलणारी काळी नळी दिसते. खाण्याच्या पिशव्यांची कुरकुर बाहेर ऐकू जाते. मोबाइल बंदच ठेवा, कारण त्याचा उजेड चेहऱ्यावर पडून आतली माणसं बाहेरून दिसू लागतात.

प्राणी काय सांगतोय

कोण किती जवळ गेलं यावर माणसांत वाद घालण्यापेक्षा प्राण्याकडे बघा. सगळ्या हिशेबाचं शेवटचं उत्तर त्याच्याकडे असतं. चरणं थांबवून तुमच्याकडे टक लावणं, कान मागे चपटे करणं, वारंवार जांभई देणं, शेपटी आपटणं, पिल्लांना मागे घेणं, ही सगळी अस्वस्थतेची चिन्हं. हत्ती कान पसरून उभा राहतो, सोंड पिळतो, एक पाय झुलवतो. बायसन, म्हणजे अमेरिकेतला केसाळ रानबैल, शेपूट उभी करतो. अस्वल फुत्कारतं आणि दात वाजवतं. पक्षी चोचीत भक्ष्य धरून घरट्यापासून दूर बसून राहिला, तर तो तुम्ही जायची वाट बघतोय आणि त्याची पिल्लं तेवढा वेळ उपाशी आहेत. काही जमिनीवर घरटी करणारे पक्षी पंख मोडल्याचं सोंग करत लंगडत जातात. तो प्रसंग फोटोसाठी मोहक असतो, पण अंडी तुमच्या पायाशी आहेत असा त्याचा अर्थ असतो. आल्या वाटेने सावकाश मागे फिरा.

यातलं एकही चिन्ह पहिल्यांदा ज्याला दिसेल त्याने ते सगळ्यांना सांगावं आणि सगळ्यांनी मागे व्हावं. इथे मतदान नाही. मला अजून एक हवा होता, हे कारण चालत नाही.

प्राण्याने आपल्याकडे बघावं म्हणून चुटक्या वाजवणं, शीळ घालणं, खडा टाकणं, खाऊ दाखवणं, मोबाइलवरून पक्ष्याची हाक वाजवणं, हे सगळं वर्ज्य. हाक ऐकून नर पक्षी प्रतिस्पर्धी आला म्हणून धावत येतो आणि आपली शक्ती व वेळ वाया घालवतो. दिवसात दहा गट तेच करतात, हे कोणाच्याच लक्षात येत नाही. प्रेमापोटी केलेली ढवळाढवळही तितकीच घातक. मे २०१६ मध्ये यलोस्टोनमध्ये पर्यटकांनी बायसनचं एक पिल्लू थंडीने कुडकुडतंय असं समजून गाडीत घातलं. नंतर कळपाने त्याला स्वीकारलं नाही, ते पुन्हा पुन्हा माणसांकडे आणि गाड्यांकडे येऊ लागलं, आणि शेवटी त्याला मारावं लागलं. एकाकी दिसणाऱ्या पिल्लाजवळ बहुधा आई असतेच. तुम्ही तिथे आहात म्हणून ती पुढे येत नसते. काही चुकलंय असं वाटलं तर वनरक्षकाला कळवा.

किती वेळ थांबायचं

मसाई माराच्या नियमांत एका प्राण्याभोवती एका वेळी ५ गाड्या आणि इतर गाड्या वाट बघत असतील तर १० मिनिटं, असं सांगितलं आहे. जिथे असा आकडा लिहिलेला नाही, तिथेही हाच मापदंड वापरायला हरकत नाही. कोणीही वाट बघत नसेल आणि प्राणी निवांत असेल तर तासभर थांबा. खरे फोटो तेव्हाच मिळतात. पण मागे रांग लागली असेल तर शंभरावा सारखाच फोटो काढत बसू नका.

फोटो काढून झाल्यावर तिथेच थांबून पडद्यावर ते बघत बसणं हा सर्वांना चीड आणणारा प्रकार आहे. बघायचे तर जागा सोडून थोडं पुढे गेल्यावर बघा. निघताना आधी शेजारच्या गाडीकडे बघा. तिथला कोणी डोळा लावून बसला असेल किंवा प्राणी काही करण्याच्या बेतात असेल, तर इंजिन सुरू करू नका. निघताना पुढून वळसा घेऊ नका. मागे घेऊन, हळू, दारं न आपटता जा. येणाऱ्या गाडीला तुमची जागा खुणेने दाखवली तर ती तिथेच येऊन थांबते आणि नवी जागा शोधत पुढे घुसत नाही.

कोणी चुकत असेल तर

ओरडू नका, कारण ओरडण्याने प्राणी आधी जातो आणि चुकणारा नंतर. पहिला प्रयत्न ‘आपण’ म्हणून करा: ‘आपण सगळे जरा मागे होऊ या का, तिचे कान मागे गेलेत.’ बऱ्याच जणांना नियम माहीत नसतो. कारण कळलं की ते ऐकतात. लाज वाटेल असं बोललात तर तोच माणूस हट्टाला पेटतो. तुमच्या फ्रेममध्ये कोणी आलं असेल तर आधी तो प्राण्यासाठी चुकतोय की फक्त तुमच्यासाठी, हे स्वतःशी तपासा. फक्त तुमच्यासाठी असेल तर एकदा नम्रपणे विचारा आणि नाही म्हणाला तर सोडून द्या.

प्राण्याला धोका असेल, कोणी खाली उतरलं असेल, वाट अडवली असेल, तर गाडीचा क्रमांक, वेळ आणि जागा टिपून घ्या आणि वनरक्षकाला किंवा प्रवेशद्वारावर सांगा. एखादा फोटो पुरावा म्हणून द्या. तो समाजमाध्यमांवर टाकून माणसाला झोडपण्यापेक्षा उद्यानाकडे दिला तर कारवाई होण्याची शक्यता जास्त असते. तुमचा स्वतःचा चालक चुकत असेल तर सगळ्यात सोपं: आम्हाला मागे न्या, एवढं तुम्ही सांगू शकता, आणि ते तुम्हीच सांगायला हवं.

घरी आल्यावर, फोटो टाकताना

फोटोच्या फाइलमध्ये ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात. गेंडा, खवल्या मांजर, दुर्मीळ पक्ष्याचं घरटं अशा फोटोंतून ती नोंद काढूनच टाका, कारण शिकारी टोळ्याही हे फोटो बघतात. ठिकाण म्हणून उद्यानाचं नाव पुरे. पाणवठा, वाट आणि तारीख एकत्र देऊ नका. घरट्याचा किंवा गुहेतल्या पिल्लांचा फोटो असेल तर ती जागा रिकामी होईपर्यंत तो स्वतःकडेच ठेवा. नाहीतर दुसऱ्याच दिवशी तिथे रांग लागते.

फोटोखाली खरं लिहा. दूरवरून काढून नंतर कापून मोठा केला असेल तर तसं सांगा, म्हणजे बघणाऱ्याला इतक्या जवळ जाता येतं असं वाटणार नाही. प्राणी पिंजऱ्यातला किंवा खाऊ घालून बोलावलेला असेल तर तेही सांगायलाच हवं. फोटोत इतर पर्यटकांचे चेहरे ओळखू येत असतील तर त्यांना विचारा, किंवा चेहरे दिसणार नाहीत असा भाग कापा. गाडीतल्या ज्या कोणाचा कॅमेरा ऐनवेळी अडला असेल, ज्याला मधल्या बाकावरून नीट दिसलं नसेल, त्याचा पत्ता उतरण्याआधी घेऊन ठेवा आणि आपला चांगला फोटो मूळ आकारात पाठवून द्या.